वाचकांचे प्रश्न : संकटावर मात करण्याचे सल्ले कितपत उपयोगी पडतात?

प्रश्न : स. न. वि. वि. सांगलीत आमचा लहानसा छापखाना होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात यंत्र, कागदाचा साठा आणि गिऱ्हाइकांची छापून तयार असलेली कामे पाण्याखाली गेली. विम्याचे पैसे मिळाले, पण नुकसानीच्या मानाने ते फार अपुरे होते. कर्ज काढून पुन्हा काम सुरू केले, तोच टाळेबंदी लागली आणि लग्नपत्रिकांचा सगळा हंगाम हातचा गेला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले, तेव्हा आम्ही यंत्र विकून टाकले. माझे पती आता दुसऱ्याच्या छापखान्यात नोकरी करतात आणि कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. माझे धाकटे दीर पुण्यात असतात. त्यांना भावाची मनापासून काळजी वाटते. येताना प्रत्येक वेळी ते संकटावर मात कशी करावी, विचार कसे बदलावेत अशा विषयांची पुस्तके आणतात आणि ‘मन करा रे प्रसन्न’ ही ओळ भावाला फोनवर वारंवार पाठवतात. सुरुवातीला यांनी ती पुस्तके आवडीने वाचली. आरशासमोर उभे राहून ‘मी यशस्वी आहे’ असे रोज म्हणण्याचा प्रयोगही केला. आता मात्र ते पुस्तक मिटून ठेवतात आणि म्हणतात, “एवढ्या लोकांना जमते आणि मला जमत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे.” मला मात्र उद्याची तीन कामे वेळेसह रात्रीच लिहून ठेवण्याची सवय त्याच पुस्तकांमुळे लागली आणि तिचा मला खरोखर आधार वाटतो. मग या पुस्तकांना उपयोगी म्हणायचे की नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. एकाच घरात, त्याच पुस्तकांतून तुम्ही एक कृती उचलली आणि तुमच्या पतींच्या वाट्याला स्वतःविषयीचा एक निकाल आला. ही पुस्तके या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी छापतात. त्यामुळे संपूर्ण पुस्तक चांगले की वाईट असे विचारले, तर हाती काही लागत नाही. पण या पानावर मला काय करायला सांगितले आहे आणि माझ्याविषयी काय ठरवून टाकले आहे असे दोन वेगळे प्रश्न विचारले, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

तुमच्या तीन कामांच्या यादीपासून सुरुवात करते, कारण तिच्या बाजूने पुरावा चांगला आहे. ‘मी हे करीन’ असा नुसता संकल्प आणि ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी असताना मी हे करीन’ असा बेत, यांत किती फरक पडतो हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दीर्घकाळ अभ्यासले. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा वेळ आणि ठिकाण आधी ठरवणाऱ्यांच्या हातून ठरवलेले काम पार पडण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. यामागचे कारण साधे आहे. ऐन वेळी विचार करण्याचा भार मनावर राहत नाही; घड्याळ किंवा ती जागाच आठवण करून देते. थकलेल्या माणसाला अशा बेताचा विशेष उपयोग होतो. ही सवय तुम्ही अवश्य चालू ठेवा.

आरशासमोरच्या वाक्याची गोष्ट वेगळी आहे आणि तुमच्या पतींना ती आवर्जून सांगावी असे मला वाटते. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठातील जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही जणांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे वाक्य मनाशी घोकायला सांगितले होते. ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळातच चांगले होते, त्यांना थोडे बरे वाटले. ज्यांचे मत खालावलेले होते, त्यांना मात्र काहीच न घोकणाऱ्या त्यांच्यासारख्या इतरांपेक्षाही अधिक वाईट वाटले. ज्या माणसाच्या फोनवर थकलेल्या हप्त्याचा संदेश आला आहे, त्याने ‘मी यशस्वी आहे’ असे म्हटले की त्याचे मन त्याच क्षणी त्याविरुद्धचा पुरावा समोर ठेवते, आणि प्रत्येक उच्चाराबरोबर तो पुरावा नव्याने वाचला जातो. तो प्रयोग तुमच्या पतींना जमला नाही हा त्यांचा दोष नव्हे. त्यांच्या मनःस्थितीतील माणसाला तो बाधतो, एवढेच त्यावरून म्हणता येते.

उज्ज्वल भविष्याची चित्रे डोळ्यांसमोर आणत राहण्याच्या सल्ल्याचेही असेच आहे. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगन आणि डोरिस मायर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पदवीधर तरुणांच्या नोकरीच्या शोधाचा दोन वर्षे मागोवा घेतला होता. उत्तम नोकरीच्या सुखद कल्पनांत अधिक रमलेल्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्याही कमी चालून आल्या आणि पगारही कमी मिळाला. याउलट ‘आपल्याला काम मिळेल’ अशी ज्यांची खात्री होती, त्यांची प्रगती चांगली झाली. खात्री पूर्वीच्या अनुभवावर उभी असते, कल्पनेला तसा पाया लागत नाही. भविष्याचे चित्र रंगवायचेच असेल, तर त्याबरोबर वाटेतला अडथळाही तितक्याच स्पष्टपणे समोर आणावा, असे ओटिंगन यांचे पुढचे संशोधन सुचवते.

आता ‘एवढ्या लोकांना जमते’ या वाक्याकडे वळते. हे ‘एवढे लोक’ कोण आहेत? पुस्तकात ज्यांची गोष्ट येते ते सर्व जण संकटातून बाहेर आलेले असतात; जे बाहेर आले नाहीत त्यांच्याकडे कोणी मुलाखत मागायला जात नाही. एखाद्या बाजारपेठेच्या गल्लीतील सगळ्या दुकानांत पुराचे पाणी शिरले आणि पाच वर्षांनी त्यांतले एक दुकान दिमाखात उभे राहिले, तर त्या दुकानदाराची जिद्द आपल्याला दिसते. त्याचा गाळा स्वतःच्या मालकीचा होता, माल वरच्या मजल्यावर होता, मुलाला दुसरीकडे नोकरी होती किंवा सासऱ्यांनी बिनव्याजी पैसे दिले होते, हे गोष्टीत येत नाही. आणि त्याच गल्लीत तितक्याच जिद्दीने झटूनही ज्यांना कुलूप लावावे लागले, त्यांची जिद्द मोजायला कोणी थांबत नाही. दोनदा पूर आणि मध्ये टाळेबंदी सोसून तिसऱ्यांदा नोकरीवर उभा राहिलेला माणूस, मला विचाराल तर, ‘जमले’ या रकान्यातच येतो.

काही अडचणी मनात नसून वहीखात्यात असतात आणि वहीखात्यातील अडचण मनावरही परिणाम करते. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात त्याच शेतकऱ्यांना ऊसतोडीपूर्वी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि तोडीनंतर, म्हणजे पैसे आल्यावर, आकृत्यांची कोडी व लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्या दिल्या होत्या. माणूस तोच, बुद्धी तीच. तरीही पैशांची चणचण असताना त्यांची कामगिरी घसरलेली आढळली. टंचाईविषयीचे प्रयोगशाळेतील काही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, हे येथे सांगायला हवे. पण उसाचे बिल अडकले की घरात कसे वातावरण असते, हे तुमच्या जिल्ह्यातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. हिशेबाच्या ओझ्याखाली असलेल्या माणसाला ‘आधी विचार बदल’ असे सांगणे म्हणजे क्रम उलटा लावणे होय. हप्ता थोडा हलका झाला, तर विचारांनाही जागा मिळते. म्हणून सर्व देण्यांची एका कागदावर मांडणी करावी, बँकेकडे मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची लेखी मागणी करावी आणि खाजगी सावकाराचे काही देणे असेल, तर जाणकाराला सोबत घेऊन ते आधी तपासावे. हा सल्ला प्रेरणादायी वाटत नाही याची मला कल्पना आहे. पण तुमच्या घरातील आजच्या दुःखाचा मोठा वाटा तिथे आहे.

यावरून मी स्वतः वापरते ती कसोटी तुम्हाला सांगते. कोणताही सल्ला हाती आला की तो फसल्यावर दोष कोणावर जाणार हे पाहावे. चांगला वैद्य औषध देताना ते कोणी घेऊ नये आणि गुण आला नाही तर काय करावे, हे सांगतो. जे पुस्तक ‘हा उपाय तुम्हाला लागू पडला नाही तर तो सोडा, दुसरा शोधा, कोणाची तरी मदत घ्या’ असे सांगते, ते जवळ ठेवण्याजोगे आहे. जे पुस्तक ‘उपाय अचूक आहे, तुमचीच इच्छाशक्ती कमी पडली’ असे सांगते, त्याने आपल्या बचावाची सोय आधीच करून ठेवलेली असते. यश आले तर श्रेय पुस्तकाचे आणि अपयश आले तर उणेपणा वाचकाचा. तुमच्या पतींचे ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ हे वाक्य त्यांचे स्वतःचे आहे असे मला वाटत नाही. ते त्या पानांवरून त्यांच्या तोंडी आले आहे.

दिरांनी पाठवलेल्या ओळीविषयीही थोडे लिहिते, कारण ती तुकोबांची आहे आणि तिच्यावर अन्याय होऊ नये असे मला मनापासून वाटते. मन प्रसन्न करण्यास सांगणाऱ्या याच तुकोबांनी दुसऱ्या एका अभंगात आपली हकिगत उघडपणे सांगितली आहे. दुष्काळाने पैसा आटला आणि मान गेला, एक पत्नी अन्न-अन्न करीत गेली, व्यवसायात तूट आलेली पाहून जिवाला लाज वाटू लागली, असे ते म्हणतात. पैसा दुष्काळाने आटला, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. ‘मी चुकीचा विचार केला म्हणून आटला’ असे नाही. धंदा बुडाल्याची लाज तुमच्या पतींना वाटते, तीच लाज चारशे वर्षांपूर्वी देहूच्या एका वाण्याने शब्दांत मांडली होती. दिरांनी भावाला हा दुसरा अभंगही वाचून दाखवावा.

आता तुमच्या पतींच्या आजच्या अवस्थेविषयी. पत्रावरून निदान करता येत नाही आणि करूही नये. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर तो पुस्तकाचा विषय राहत नाही आणि डॉक्टरांना भेटायला हवे. ‘जगून काय उपयोग’ असे काही बोलण्यात आले, तर दोन आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

अशा वेळी नेमके काय उपयोगी पडते, याचा एक भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातून आला आहे. तेथे ‘संगत’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांबरोबर एक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. समुपदेशन करणारे लोक स्थानिक होते आणि मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेले होते. त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले होते. त्यांनी प्रत्येक रुग्णाला सहा ते आठ भेटी दिल्या. त्या भेटींचा गाभा असा होता की मन बरे होण्याची वाट न पाहता आधी एखादी छोटी, अर्थपूर्ण कृती पुन्हा सुरू करायची, पुढच्या भेटीत ती झाली का हे पाहायचे आणि प्रत्यक्षातील अडचण एकत्र बसून सोडवायची. तीन महिन्यांनी या गटातील शेकडा ६४ जणांचे नैराश्य ओसरलेले आढळले. केवळ नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्या गटात ते प्रमाण शेकडा ३९ होते. त्या भेटींत सांगितलेल्या कितीतरी गोष्टी कोणत्याही चांगल्या पुस्तकात सापडतील. पण पुढच्या आठवड्यात परत येऊन ‘काय झाले, कुठे अडले?’ असे विचारणारा माणूस पुस्तकात नसतो, आणि त्या माणसाचे मोल मला फार मोठे वाटते.

हे काम तुमच्या दिरांना करता येईल. मराठीत आपण ‘धीर देणे’ आणि ‘उपदेश करणे’ हे दोन निरनिराळे शब्दप्रयोग वापरतो. त्यांची माया धीर देण्याची आहे, पण हातून उपदेश घडतो आहे. पुढच्या वेळी पुस्तकाऐवजी एक रविवार घेऊन या, असे त्यांना सांगा. भावाबरोबर बसून देण्यांचा तो कागद तयार करावा, बँकेत सोबत जावे, आणि पंधरा दिवसांनी फोन करून त्याच कामाविषयी विचारावे. तुमच्या पतींच्या हातात छपाईची कला आहे आणि ती कोणत्याही पुरात वाहून गेलेली नाही. तिच्याशी जोडलेले, परिणाम लगेच डोळ्यांना दिसेल असे एखादे छोटे काम त्यांनी आठवड्यातून एकदा तरी केले, तर फार बरे होईल. असहायतेवर १९६७ मध्ये गाजलेले प्रयोग करणारे मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी सुमारे ५० वर्षांनंतर, २०१६ मध्ये, ‘असहायता शिकली जाते’ हा आपलाच सिद्धान्त दुरुस्त केला. दीर्घ आघातानंतर हातपाय गाळणे ही जिवाची मूळ प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही; शिकावे लागते ते ‘माझ्या करण्याने काही बदलते’ हे, आणि ते अनुभवानेच शिकता येते, असे त्यांनी मांडले. घोकून ते येत नाही.

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी आम्ही दरवर्षी एका वक्त्याचे प्रेरणादायी व्याख्यान ठेवतो. मुले त्या दिवशी भारावून जातात. याचा पुढे काही परिणाम टिकतो का?
— एक शिक्षक, वर्धा

उत्तर : योग्य मजकूर थोडक्यात आणि योग्य रीतीने दिला, तर काही परिणाम टिकतो, पण तो लहान असतो. बुद्धी प्रयत्नाने वाढू शकते हा विचार मुलांपर्यंत पोहोचवण्याचा अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एक तासाहूनही कमी वेळाच्या त्या पाठामुळे मागे पडलेल्या मुलांची सरासरी श्रेणी, चारपैकी गुण देण्याच्या तेथील पद्धतीत, सुमारे ०.१ ने वाढली. एवढ्याशा वेळेच्या मानाने ही वाढ दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पण मुलाचे आयुष्य पालटण्याइतकी ती मोठीही नाही. शिवाय ज्या शाळांत अवघड काम अंगावर घेणाऱ्या मुलाला सोबत्यांची साथ होती, तेथे परिणाम अधिक दिसला.

तुमच्या व्याख्यानाचा खर्च मी दुसरीकडे वळवीन. अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला निकालानंतरच्या आठवड्यात पुरवणी परीक्षेचा अर्ज भरून द्यायला कोणीतरी हवे असते, गणितात नेमके कोणते धडे राहिले हे दाखवणारे कोणीतरी हवे असते, आणि मुलगी असेल तर तिचे शिक्षण थांबवू नका हे घरी जाऊन सांगणारे कोणीतरी हवे असते. वक्ता बोलवायचाच असेल, तर तुमच्याच शाळेत तीन-चार वर्षांपूर्वी अनुत्तीर्ण होऊन आज आयटीआयमध्ये शिकणाऱ्या किंवा कामाला लागलेल्या विद्यार्थ्याला बोलवा, आणि त्याला कोणी, कशी, कितीदा मदत केली हेही त्याने सांगावे अशी विनंती त्याला करा.

प्रश्न : माझी आई चार महिन्यांपूर्वी गेली. ‘मनात ठेवू नकोस, बोलून मोकळी हो, लिहून काढ’ असे सगळे सांगतात. मला अजून बोलावेसे वाटत नाही. मी कामावर जाते, जेवते, झोपते. यात माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. लिहून काढण्याचा सल्ला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८० च्या दशकातील प्रयोगांमुळे सर्वत्र पसरला. त्यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे मनातील जुन्या जखमांविषयी लिहायला सांगितले आणि पुढील काही महिन्यांत त्या विद्यार्थ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पुढे अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये घेण्यात आला; फायदा होतो, पण सरासरीने तो लहान आहे, असे त्यात दिसले. बोलायला लावण्याविषयी मात्र सावध राहावे लागते. आघातानंतर लगेचच माणसाला बसवून सारे सविस्तर बोलायला लावण्याच्या एका बैठकीच्या पद्धतीचा पुढच्या त्रासापासून बचाव होत नाही आणि काहींचा त्रास त्यामुळे वाढतोही, असे अनेक चाचण्यांच्या आढाव्यातून पुढे आले आहे.

कोलंबिया विद्यापीठातील जॉर्ज बोनानो यांनी शोकग्रस्त माणसांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. दुःख होऊनही रोजचे व्यवहार पार पाडू शकणारी माणसे विरळा किंवा कठोर नसतात, उलट त्यांचेच प्रमाण सर्वांत मोठे असते, असे त्यांना आढळले. तुम्ही रडला नाहीत म्हणून तुमचे दुःख कमी ठरत नाही, आणि कामावर जाता म्हणून ते कुठेतरी कुजत पडले आहे असेही समजण्याचे कारण नाही. एखाद्या संध्याकाळी आईविषयी बोलावेसे वाटले, तर ऐकून घेणारे एक माणूस मनात ठरवून ठेवा आणि त्या व्यक्तीला तसे आजच कळवून ठेवा. तोवर सल्ला देणाऱ्यांना ‘वाटले की मीच येईन’ एवढे सांगितले तरी पुरे आहे.